फटफटीवरची घड्याळं

आप्पा,

गाडी चालू झाली. मागच्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, नवव्या किकला. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती, ती दचकली. शेळ्या दाव्याला ओढ घेऊन उभ्या राहिल्या. मी मात्र हँडल धरून नुसतीच उभी, कारण चालू झाल्यावर काय करायचं ते मी ठरवलंच नव्हतं. दोन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी मी भूगावहून कासार आंबोलीला येते, शेळ्यांच्या छपराखालून तुमची फटफटी बाहेर काढते आणि दिवस मावळायच्या आत ढकलून परत आत लावते. आई म्हणते, "माहेरी येतीस का ग्यारेजात?" मी म्हणते, दोन्हीकडं. आता मी शेहेचाळीस वर्षांची आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि त्याच्याही आधीची बरीच वर्षं गाडी रस्त्यावर आलेली नव्हती. ती का आली नव्हती, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

गाडी आपल्याकडे आली तो दिवस मला नीट आठवतो. गावाबाहेरच्या बंगल्यातले म्हातारे गृहस्थ शेड रिकामी करत होते आणि त्यांना गुलाबांसाठी लेंडीखत हवं होतं. तुम्ही एक ट्रॉलीभर खत टाकलंत आणि फटफटी दोरीने ट्रॉलीला बांधून आणलीत. तिला पुढचा दिवा नव्हता, नुसती गोल खोबण. मीटर नव्हतं. आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या शेळ्यामेंढ्याच होत्या, कंपनीत कामाला लागलेले तुम्ही पहिलेच. त्यामुळे आधीच लोक तुमच्याकडे जरा वेगळं बघायचे, त्यात ही आंधळी गाडी. सगळी वस्ती बघायला जमली. घोटावड्याजवळच्या ज्या कंपनीत तुम्ही पत्रा दाबायच्या प्रेसवर होतात, तिथल्या भंगारातून दर आठवड्याला विचारून काहीतरी आणायला लागलात. पट्ट्या, बिघडलेल्या चार्जरचं मीटर, रबराचे तुकडे. बाजारात मिळणारं तयार मीटर घ्यायचा विचारही तुम्ही केला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला करून बघायची हौस आहे. तसं मला वाटू द्यायचं होतं तुम्हाला.

आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही चुलीपाशी बसलेले मला आजही दिसता. डाग द्यायची ती तांब्याच्या डोक्याची जाड सळई आईच्या चुलीत तापतेय, तुम्ही गुडघ्यावर मीटर धरून वाट बघताय, आणि आई परातीत पीठ घेऊन तुमच्या उठण्याची वाट बघतेय. कथलाचा थेंब टपकन् चुलीच्या कडेवर पडतो आणि चकचकीत होऊन बसतो. राळेचा धूर घरभर. "भाकरीला वास लागतोय तुमच्या औषधाचा," आई म्हणते. तुम्ही वर बघत नाही. ती पुन्हा म्हणते, जरा मोठ्याने. तुम्ही तेव्हाही बघत नाही. मग ती भाकरी तव्यावर आपटते आणि मला सांगते, "तुजा बाप कामात घुसला की भिंत हुतो." तिघांपैकी कुणालाही वाटलं नाही की गोष्ट निराळी आहे. दोघींना, म्हणजे. तुम्हाला माहीत होतं.

पहिलं घड्याळ वेगाचं. आपण सगळ्या मीटरांना घड्याळंच म्हणायचो. पुढच्या चाकाला सायकलचा डायनॅमो घासत लावलेला, त्याची वायर चार्जरच्या मीटरला, म्हणजे चाक जेवढं जोरात फिरेल तेवढा काटा वर चढेल. त्याची जुनी डायल काढून पांढरा कागद चिकटवायचा आणि त्यावर आकडे घालायचे हे काम तुम्ही मला दिलंत. मी तेव्हा आठवीत होते, भूमितीत बरी होते. मी कंपासपेटी घेऊन शून्य ते ऐंशी असे सारखे भाग पाडले, काळ्या शाईने रेघा मारल्या, मराठी आकडे घातले आणि तुमच्यापुढे धरलं. तुम्ही बराच वेळ बघितलंत. "चांगलं काढलंस," म्हणालात आणि कागद फाडून टाकलात. मी रडायला लागले तेव्हा तुम्ही माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणालात, "काटा तुज्या कंपासचं ऐकत न्हाई. तो जितं थांबंल तितं रेघ मारायची. आदी बघायचं, मग लिवायचं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आज मी हिंजवडीकडच्या एका प्रयोगशाळेत मीटर तपासायचं काम करते. नवीन मुलं येतात, हुशार असतात, आकडा काय यायला हवा ते आधीच मनात धरून बसतात. त्यांना मी हेच सांगते, फक्त शहरी भाषेत आणि काही न फाडता.

रेघा मारायला आपण रस्त्यावर गेलो. पौडच्या पुढे, धरणाच्या बाजूला, जिथे रस्ता थोडा सपाट आहे. मी मागे, हातात तुमचं मनगटी घड्याळ. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत तुम्ही काटा एका जागी धरून गाडी चालवायची आणि मी सेकंद मोजायचे. एकशेवीस सेकंद लागले तर तीस, नव्वद लागले तर चाळीस. दगड आला की ओरडू नकोस, पाठीवर थाप मार, असं तुम्ही निघतानाच बजावलं होतं. वाऱ्यात आवाज जात नसेल, असं मला वाटलं. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला मागून एसटी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग हॉर्नवर हात दाबूनच ठेवला. माझ्या कानाच्या पडद्यांना तो आवाज लागत होता आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध, काटा एका जागी ठेवून, शांत. मी तुमच्या पाठीवर थापा मारल्या. तुम्हाला वाटलं दगड आला. तुम्ही मान हलवलीत आणि तसेच पुढे. मी ओरडले, "आप्पा, गाडी! मागं गाडी!" मग मी तुमचा डावा दंड धरून ओढला तेव्हा आपण दोघं कडेच्या मुरमात गेलो आणि एसटी अशी घासून गेली की तिच्या वाऱ्याने माझी वेणी पुढे आली. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी बोलला. ते मला ऐकू आलं, तुम्हाला नाही.

तुम्ही गाडी बंद केलीत. पायाचा घोटा खरचटला होता तो पुसलात. मी विचारलं, तुम्हाला ऐकायला आलं न्हाई? तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तुम्ही डोळ्यांकडे बघत नाही, ओठांकडे बघता.

"दोन वर्सं झाली," तुम्ही म्हणालात. "प्रेसच्या आवाजानं. बोलल्यालं जवळून कळतंय थोडं. गाडीचा आवाज न्हाई कळत. गेर कवा टाकायचा ते कळंना झालं, म्हणून ह्यो दुसरा काटा लावला."

तो दुसरा काटा मी शोभेचा समजत होते. इंजिन जेवढं पळेल तेवढी दिव्याची वीज वाढते, म्हणून तुम्ही त्या विजेवर एक मीटर जोडलं होतं. त्यावर आकडे नव्हतेच, नुसते दोन पट्टे. एक हिरवा, एक लाल. लाल रंग मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा होता, तो मी ओळखला. काटा लाल पट्ट्यात गेला की वरचा गेर टाकायचा.

"आईला सांगू नगंस," तुम्ही म्हणालात. "कंपनीत कळलं तर मशीनवरनं काढत्याल."

मी मान हलवली. त्यानंतर आपण अजून दोन फेऱ्या केल्या, तीसची आणि साठची. मी सगळा वेळ मागेच बघत होते, सेकंद चुकले. साठची रेघ अजूनही दोन केसांनी खाली आहे.

आता मी जे सांगायचं आहे ते सांगते. तुमच्या कंपनीतले फोरमन आपल्याकडे बोकड घ्यायला आले होते, त्यांच्या गावच्या जत्रेसाठी. तुम्ही बोकड आणायला माळावर गेलात. ते खाटेवर बसले, चहा प्यायले आणि उठून फटफटीभोवती फिरले. तोवर पेट्रोलचं धरून तीन घड्याळं झाली होती, पुढचा दिवा झाला होता, त्याला धरणाऱ्या पट्ट्या झाल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "एवढी घड्याळं कशाला लावलीत गं तुझ्या वडलांनी? विमान चालवायचंय का?" आणि हसले. मी म्हणाले, "त्यांना इंजिन ऐकू येत नाही, म्हणून बघायला लावल्यात." बस, एवढंच. त्यांनी कप खाली ठेवला. विचारलं, "किती दिवस झाले?" मी सांगितलं, दोन वर्षं.

मी भीतीने सांगितलं असं मला म्हणता आलं असतं. दुसऱ्या पाळीतल्या एका माणसाची बोटं प्रेसखाली गेल्याचं तुम्हीच त्या महिन्यात जेवताना बोलला होतात आणि तेव्हापासून मी तुमचे हात बघत असे, ही गोष्ट खरी आहे. पण त्या वेळी ते मनात होतं का? मला वाटतं, ते हसले याचा मला राग आला होता. माझ्या बापाने काय डोकं चालवलंय ते त्यांना कळायला हवं होतं. दोन्ही असेल. इतक्या वर्षांनी वेगवेगळं काढता येत नाही.

पंधरा दिवसांत तुम्हाला कानाच्या तपासणीला पुण्याला नेलं. महिन्याच्या आत प्रेसवरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं, हातमोजे आणि नटबोल्ट द्यायला. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. आईला तेव्हा कळलं आणि तिने गाडी रस्त्यावर न्यायची नाही अशी शपथ घातली. तुम्ही ती पाळलीत. प्रेसवर तुमच्या समोर उभे राहणारे काका, ज्यांना तुमच्या कानाचं ठाऊक होतं आणि जे ओरडायच्या जागी कोपराने खूण करायचे, ते तुमचे एकुलते एक दोस्त. दर रविवारी घोटावड्याहून सायकल मारत यायचे. त्या रविवारीही आले. तुम्ही ओट्यावरून उठलात आणि म्हणालात, "कंपनीत तुज्याबिगर कुणाला म्हाईत व्हतं?" काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग सायकल वळवली. मी दारात उभी होते, हातात त्यांच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या.

त्यानंतर तेरा वर्षं तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. कंपनीतल्या बायका सांगायच्या, ते खिडकीशी आले की तुम्ही मान खाली घालून हातमोजे सरकवता. आणि रविवारी आपण दोघं गाडीपाशी. रस्त्यावर जायची नाही म्हणून असेल, पण तुम्ही तिच्यावर जास्तच काम करायला लागलात. स्टँड खाली असला की पेटणारा लाल दिवा, कारण स्टँडचा आवाज कळत नाही. इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा. उभ्या गाडीला हे सगळं. मी दहावी झाले तेव्हा तुम्ही जुन्या बाजारातून एक मल्टिमीटर आणलात, त्याच्या काचेला तडा होता, आणि तो माझ्या हातात देताना म्हणालात, "आता तू मोज. माजं डोळंबी जात्यात." तुमचे डोळे चांगले होते. सोळाव्या वर्षी मला ते कळलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा काका आले. खांदा दिला, आणि मागच्या मागे निघून गेले.

यंदा मी पुढच्या दिव्याच्या पट्ट्यांना हात घातला. बाकी बरंच मी बदललंय, ते सांगितलेलं बरं. डायनॅमो गेला होता, दुसरा बसवला. आतले सगळे डाग नव्याने दिले. बल्बच्या जागी आताचे छोटे दिवे घातले, कमी विजेत जास्त उजेड. घड्याळांच्या खाली तुम्ही सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले होते, इंजिनाच्या थरथरीने काटे तुटू नयेत म्हणून. ते कुजले होते, मी नवे कापले, पण तसेच. इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या घड्याळाचं मूळ ब्रॅकेट मला पटलं नाही, ते मी माझ्या मनाने केलं. डायली मात्र हलवल्या नाहीत. पण दिव्याची डावी पट्टी मोडली होती, आणि तिला असा एक दुहेरी बाक होता की हाताने आणि हातोडीने तो येईना. तीन पट्ट्या वाया गेल्या. ती प्रेसवर दाबलेली होती, आणि प्रेसवर दोन माणसं लागतात. दुसरा माणूस कोण ते उघड होतं.

काकांनी घोटावड्यात आता वर खोल्या बांधल्यात, कंपनीतल्या परराज्यातल्या मुलांना भाड्याने दिल्यात. खाली अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटाने बाक चाचपला.

"जेवणाच्या सुट्टीत दाबली व्हती," ते म्हणाले. "दोनदा दाबायची. आदी आडवी, मग पालथी."

मी तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं. म्हटलं, "काका, फोरमनला मी सांगितलं होतं. तुमी न्हाई."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच हप्त्यात. फोरमनच बोलला, पोरगी हुशार हाय म्हणून."

"मग आप्पांना सांगितलं का न्हाई तुमी?"

त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली. "आलो व्हतो की त्या रविवारी, सांगायलाच आलतो. तू तांब्या घिऊन उभी व्हतीस. म्हटलं, दोस्त काय, सुटला तरी चालतोय. पोरीला रोज घरात बघायचं हाय ह्याला." मग म्हणाले, "आन् मी काय देव न्हाई. वर्सभर तुजा लई राग व्हता. पर मलाबी सुटल्यावानी झालं व्हतं, पोरी. रोज पेडल दाबताना मला त्याचा हात खाली दिसायचा. घरी जाऊन जेवण जात नसायचं. मी कुणाला सांगितलं नसतं. तू सांगितलंस, बरं केलंस. फकस्त तू बरं केलंस, हे त्याला कळायला पायजे व्हतं."

वरच्या खोलीतला एक मुलगा पाण्याचं विचारायला आला, त्याच्याशी काका हिंदीत बोलले. मी डोळे पुसून घेतले. मग त्यांनी मला पट्टी कशी दाबायची ते कागदावर काढून दिलं, आणि पिरंगुटच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन मी ती करून घेतली. आधी आडवी, मग पालथी.

परवा मी गाडी घोटावड्याला नेली. आईची शपथ मोडली असं म्हणता येणार नाही, ती तुमच्यापुरती होती. काका मागे बसले. आता त्यांचे गुडघे वळत नाहीत, दोघांनी उचलून बसवावं लागलं. आम्ही पौडपर्यंत गेलो. काटा चाळीसच्या वर मी जाऊ दिला नाही. काका मागून घड्याळांकडे वाकून बघत होते आणि लाल पट्टा आला की माझ्या खांद्याला कोपर लावत होते. मला इंजिन व्यवस्थित ऐकू येत होतं. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

पौडच्या स्टँडजवळ चहाला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बापाला का न्हाई सांगितलंस? तेरा वर्सं व्हती तुज्याकडं." मी म्हणाले, धीर झाला नाही. त्यांनी मान हलवली आणि बशीत चहा ओतला. त्यांना ते पटलं असावं.

आप्पा, ते खरं नव्हतं. तुम्ही माराल, बोलणं टाकाल, याची मला भीती वाटली नाही. तुम्ही मला कधी मारलंच नाहीत. कित्येकदा जिभेवर आलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी एकच विचार केला, की हे सांगितलं तर येत्या रविवारी तुम्ही मला गाडीला हात लावू देणार नाही. एवढंच होतं.